फरांशी बंगल्यातली सटवाई

फरांशी बंगल्याला चव्वेचाळीस खिडक्या आहेत, आणि त्या चव्वेचाळीसही गोजराबाई रोज उघडते आणि रोज लावते. हे काम तिला कुणी शिकवलेलं नाही. सकाळी उगवतीच्या झडपा आधी. ऊन व्हरांड्याच्या दुसऱ्या पायरीला लागलं की त्या बंद आणि मावळतीच्या उघड्या. संध्याकाळी लावताना मात्र मागच्या बाजूच्या चार झडपा सगळ्यांत आधी, कारण मागून माकडं शिरतात. पुण्याच्या ट्रस्टने बंगला दुरुस्त करून संग्रहालय केलं तेव्हा खोल्या गार ठेवायला यंत्रं बसवायची टूम निघाली होती. संग्रहालयाचं काम बघणारी जान्हवी म्हणाली, एक उन्हाळा थांबून बघू. उन्हाळा गेला, यंत्रं काही आली नाहीत. त्याबद्दल गोजराबाईला कुणी शाबासकी दिली नाही आणि तिनेही मागितली नाही. बाईचा स्वभावच तसा. बोलायचं थोडं, पण बोललीच तर समोरच्याने पुन्हा तोंड उघडताना विचार करावा.

बंगला माले गावाच्या पुढे, मुळशीकडे जाताना उतारावर आहे. मोरेल नावाचा एक फ्रेंच माणूस शंभर वर्षांपूर्वी पाँडिचेरीहून इकडे आला. गवती चहा लावायचा आणि त्याचं तेल काढून विलायतेला पाठवायचं, असं त्याच्या डोक्यात होतं. मावळच्या पावसाने त्याला चार वर्षांत शहाणं केलं. गवत कुजलं, भट्टी गंजली, साहेब गाशा गुंडाळून गेला. राहिला तो बंगला. पुरुषभर उंच जोतं, चारी बाजूंनी व्हरांडा, हळदीसारखा पिवळा चुना आणि जमिनीपर्यंत येणाऱ्या लांबलचक झडपा. मावळात असलं घर म्हणजे शेळ्यांच्या कळपात उंट. मग त्याचं भाताचं गोदाम झालं, मग शाळा झाली, मग नुसतंच ओस पडलं. आता दारात वारसास्थळाची पाटी आहे, आत साहेबाची टोपी काचेत आहे, आणि शनिवारी-रविवारी हिंजवडीच्या कंपन्यांतली माणसं गाड्या भरून येतात. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. एकदा एक मुलगी पाच वार लांबीचा झगा पायऱ्यांवरून ओढत चालली होती. गोजराबाईने झाडू थांबवून विचारलं, "लगीन लागंपतूर तरी टिकंल का गं बाय ह्यो?" फोटोवाला हसून हसून खाली बसला.

अशी ही हजरजबाबी बाई. पण तिच्या पोटात एक गोष्ट चाळीस वर्षं दडलेली होती, आणि ती दडवण्यात तिचा अर्धा जन्म गेला होता.

बंगल्याच्या मागे जांभळाचं झाड आहे आणि जांभळाखाली सटवाई. शेंदराने थापलेला, वरून गोल असलेला, गुडघाभर उंचीचा दगड. सटवाई पाचव्या दिवशी येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते हे काय कुणाला सांगायला पाहिजे? आसपासच्या गावांतल्या बाळंतिणी सव्वा महिना झाला की बाळ आणून हिच्यापुढे निजवतात. ज्यांना होत नाही, होऊन टिकत नाही, त्या पाच मंगळवार धरतात. गोजराबाईचा धाकटा दीर कुशाबा, त्याचा थोरला पोरगा लहानपणी मरता मरता वाचला, तेव्हा कुशाबाने सटवाईला चांदीचे डोळे बसवले. ट्रस्टने जागा घेतली तेव्हा गावाने एकच अट घातली होती. मंगळवारी मागचं फाटक उघडं राहिलं पाहिजे. ट्रस्टने मानलं. दर मंगळवारी सकाळी दगडाला तेल-शेंदूर लावायचा आणि दिवा लावायचा मान गोजराबाईच्या सासरच्या घराचा. सगळं कसं रीतीला धरून होतं.

फक्त ती सटवाई नव्हती.

गोजराबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला सासू नव्हती, आजेसासू होती. भागीरथी. ही भागीरथी एकोणीस वर्षांची असताना मोरेल साहेबाची मुलगी सांभाळायला बंगल्यात होती. मुलगी तीन वर्षांची, नाव ल्यूसी. भागीरथी तिला लुशी म्हणायची. एका मंगळवारी तापात लुशी गेली. साहेबाने मुंबईहून संगमरवराचा दगड आणून जांभळाखाली तिची कबर बांधली, आणि वर्षाच्या आत नवरा-बायको बोटीत बसून परत गेली. हे सगळं भागीरथीने मरायच्या आधी, अंथरुणावर पडल्या पडल्या, नातसुनेला सांगितलं.

"निघताना मडमनं माजं हात धरलं. म्हनली, भागी, माजी लुशी एकटी ऱ्हायली, तिला अंधारात ठिवू नको. मी म्हनलं, न्हाई ठिवायची. मंगळवारी गेलती, म्हून मंगळवारी दिवा लावाय लागले. बायांनी दिवा बगितला. मंगळवार तर देवीचा. एकीनं हळदकुकू वाहिलं, दुसरीनं शेंदूर. मी सांगाय गेले की बायांनो, ही सायबाची पोर हाय. तवर एकीच्या लेकराचा ताप उतरला हुता. आता तिला काय सांगू?"

नातसुनेने तिच्या तोंडाला पाणी लावलं.

"आक्षरं दिसू द्यायची न्हाईत," म्हातारी म्हणाली. "शेंदूर पातळ झाला की वरनं थापायचा. मढ्याचा दगूड हाय म्हून कळलं तर गाव उपटून पान्यात टाकंल. मंग मी दिलेला शबूद कुटं लावू?"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. गोजराबाईने चाळीस वर्षं ती मूठ झाकून ठेवली. दर मंगळवारी ती शेंदूर कालवायची आणि जिथे अक्षरं आहेत तिथे दोन बोटं जास्त थापायची. बायका म्हणायच्या, गोजरावैनीचा हात किती सढळ. तिला स्वतःला मात्र कधी उमगलं नाही की आपण हे भक्तीने करतो की चोरी लपवायला. नवरा गेला तेव्हाही तिने कुणापाशी तोंड उघडलं नाही. एकुलती एक लेक गौतमी, तिलाही नाही.

आता गौतमीचं सांगायचं तर आधी मन घट्ट करायला हवं. तिचं लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती. नवरा किशोर हिंजवडीत कंपनीची गाडी चालवतो, भला माणूस. दोघं महाळुंग्यात दोन खोल्यांत राहतात. गौतमी हिंजवडीतल्याच एका पाळणाघरात कामाला. दिवसभर दुसऱ्यांची लेकरं निजवायची, भरवायची, त्यांची नाकं पुसायची. स्वतःचं पहिलं सहाव्या महिन्यात गेलं. दुसरं झालं, नऊ दिवस जगलं, आणि गेलं. तिसऱ्या खेपेला आठवा महिना लागला तेव्हा ती आईला म्हणाली, "आये, मी सटवाईचं पाच मंगळवार धरणार हाय."

पोटुशी बाईला मयताच्या वाटेनेसुद्धा जाऊ देत नाहीत, आणि ही मेलेल्या लेकराच्या दगडापुढे जाऊन बसणार. गोजराबाई म्हणाली, "डाक्टरचं ऐक, लांबचा परवास नगं."

"डाक्टरचं ऐकतीयाच की. हे बी करती."

यापुढे गोजराबाईला बोलता येईना. नको म्हणावं तर कारण सांगावं लागणार. कारण सांगावं तर दोन लेकरं गमावलेली पोर भीतीनेच अर्धी होणार. इकडे आड, तिकडे विहीर. मग ती काहीच बोलली नाही, आणि माझ्या मते तिची चूक झाली ती तिथेच. पहिल्या मंगळवारी गौतमी आली, दगडावर कपाळ टेकून कितीतरी वेळ बसली. गोजराबाई व्हरांड्यात उभी राहून बघत होती आणि मनातल्या मनात त्या फिरंगी पोरीला म्हणत होती, लुशे, माझ्या लेकीला धक्का लावू नको. तुझा दिवा मी कधी चुकवला नाही.

चार मंगळवार असे गेले. चौथ्याच्या दुसऱ्याच दिवशी जान्हवी पुण्याहून आली ती धावतच पायऱ्या चढली. तिशीची पोरगी, जुनी घरं वाचवायचं शिकलेली, कामात चोख. तिच्या हातात कागद होते.

"गोजरामावशी, मोरेलबाईंची वही सापडली. त्यांची मुलगी इथे वारली होती, तीन वर्षांची. कबर इथल्याच आवारात आहे असं लिहिलंय. त्या मुलीच्या धाकट्या भावाची लेक अजून आहे, क्लेर नाव. सत्तरी उलटलीय. ती येतेय पुढच्या मंगळवारी. वार तिने मुद्दाम मंगळवारच धरलाय. तुम्हाला काही ठाऊक आहे का, कबर कुठे असेल?"

"न्हाई," गोजराबाई म्हणाली.

"तुमच्या घरातल्या जुन्या माणसांनी कधी काही..."

"न्हाई म्हनलं न्हवं."

जान्हवीने टेप घेऊन आवार पालथं घातलं. भट्टीच्या पडक्या भिंतीमागे बघितलं, विहिरीपाशी बघितलं, आंब्याखाली खणून बघितलं. वहीत जांभूळ लिहिलं होतं, पण जांभळाखाली देवी आहे, म्हणजे कबर दुसऱ्या कुठल्यातरी जांभळाखाली असणार आणि ते झाड तुटलं असणार, असं ती धरून चालली. बिचारी खोड शोधत हिंडत होती. गोजराबाई तिला चहा नेऊन द्यायची आणि खाली मान घालून परत यायची. त्या आठवड्यात तिला घास गोड लागला नाही.

सोमवारी संध्याकाळी तिने गौतमीला फोन लावला.

"उद्या येऊ नगंस."

"का गं?"

"पाव्हनं हायेत."

"पाचवा मंगळवार हाय आये. चुकला तर कसं?"

"चुकू दे."

तिकडून फोन बंद झाला. गोजराबाईलाही कळलं की आपण चुकीचं बोललो. जिने जन्मात कुठलं व्रत मोडू दिलं नाही, साधी शिळी पोळी गाईला घालायची चुकवली नाही, ती 'चुकू दे' म्हणते म्हणजे काहीतरी भयंकर असलं पाहिजे. पण शब्द गेला तो गेला.

मंगळवारी क्लेर आली. बारीक, ताठ म्हातारी. पांढरे केस कापलेले, पायात कापडी बूट. काचेतल्या साहेबाच्या टोपीकडे तिने बघितलंसुद्धा नाही. झडपांवरून मात्र हात फिरवत फिरवत सगळ्या खोल्या हिंडली. मग व्हरांड्यात बसली आणि तिने जान्हवीकडून गोजराबाईला बोलावून घेतलं. म्हातारी इंग्रजीत बोलायची, जान्हवी मराठीत सांगायची.

"त्या म्हणतात, वहीत शेवटच्या पानावर लिहिलंय, भागीने शब्द दिला आहे, ती ल्यूसीला अंधारात ठेवणार नाही. दर मंगळवारी दिवा लावणार आहे. भागी तुमच्या आजेसासूबाई ना?"

"व्हय."

"त्या म्हणतात, ह्यांचे वडील हसायचे. मोलकरीण होती, बोटीचा धूर दिसेनासा झाला की विसरली असेल, म्हणायचे. आजी मात्र मरेपर्यंत म्हणत होती, लावत असेल. कबर सापडली नाही तरी चालेल, म्हणतात. फक्त तेवढंच विचारायला आल्यात. दिवा लावला का?"

गोजराबाईच्या कानशिलात आग पेटली. भागीरथी विसरली? ज्या बाईने पुरात, तापात, स्वतःचा नवरा मेला त्या आठवड्यातसुद्धा मंगळवार चुकवला नाही, जी डोळे गेल्यावर चाचपडत जांभळापर्यंत जायची, ती विसरली? आपल्या घराच्या नावाला कुणी परमुलखात बसून बट्टा लावावा आणि आपण खाली मान घालून ऐकावं, हे तिच्या रक्तातच नव्हतं. त्या घटकेला तिला गौतमी आठवली नाही, गाव आठवलं नाही. आठवली ती एक आंधळी म्हातारी.

"लावला," ती म्हणाली. "छप्पन्न वर्सं तिनं लावला. फुडं आजतागायत मी लावतीया. चला, दावते."

जान्हवीला वाटलं, कुठलातरी कोनाडा असेल. गोजराबाई दोघींना जांभळाखाली घेऊन आली. सकाळचा दिवा अजून जळत होता. चांदीचे डोळे लावलेला तो तांबडा दगड बघून क्लेर गोंधळली. गोजराबाईने तिचा हात धरला, दगडाच्या मागच्या अंगाला नेला. तिथे खाली, बोटभर जागा भागीरथीने कधी शेंदराने भरली नव्हती आणि गोजराबाईनेही भरली नव्हती. संगमरवरात कोरलेलं एक लहानसं फूल होतं. क्लेरच्या बोटांना ते लागलं. ती तशीच मातीत खाली बसली.

"म्हणजे ही सटवाई नाही?" जान्हवीच्या तोंडून निघून गेलं. "ही ल्यूसीची कबर आहे?"

मागच्या फाटकातून आलेली गौतमी चार हातांवर उभी होती. हातात ओटीचं ताट. ताट पडलं नाही. ती तशी पोरगी नाहीच.

"आये," ती म्हणाली, "तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"तुज्या जल्माच्या आदीपासनं."

"आन् मला हितं बसू दिलंस."

गोजराबाईकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. शब्द होता, म्हातारी होती, गावाची भीती होती. पण पोटावर हात धरून उभ्या असलेल्या लेकीपुढे त्यातलं काहीच उभं राहीना. गौतमीने ताट हळूच खाली ठेवलं, वळली, आणि गाडीत जाऊन बसली. किशोरला काहीच कळलं नव्हतं. त्याने एकदा सासूकडे बघितलं आणि गाडी सुरू केली.

असली गोष्ट कुठे लपते? दुपारपर्यंत माल्यात, संध्याकाळपर्यंत पौडात. दुसऱ्या दिवशी सकाळी कुशाबा दहा-पंधरा माणसं घेऊन आला.

"वहिनी, गावाला आंधळं ठिवलंत तुमी."

"मी कशाला ठिवीन भाऊजी. डोळं तर तुमीच बसवलं हुतं."

माणसं खाली बघायला लागली, एकदोघांनी हसू दाबलं. पण कुशाबा हसला नाही. "देवी न्हाई तर माजं डोळं मला परत पायजेत," तो म्हणाला. आणि त्याने स्वतः पुढे होऊन, आधी जोडे काढून, ते डोळे उपटले. जुनी सवय म्हणून जोडे काढले असतील. डोळ्यांबरोबर शेंदराची अख्खी खोळच सुटून आली, चार बोटं जाड, नव्वद वर्षांची. आतून पांढराशुभ्र दगड निघाला. वर फ्रेंच अक्षरं, खाली दोन सालं. मध्ये तीनच वर्षं. बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. एक म्हणाली, माझं तर दोन्ही पोरांचं हिथंच केलं होतं, आता काय करायचं? खोळ मात्र कुणाला टाकवली नाही. कुशाबानेच ती टोपलीत घालून, वाजंत्रीशिवाय, धरणाच्या पाण्यात सोडली.

क्लेर जाताना म्हणाली होती, होतं तसंच राहू द्या. पण आता होतं तसं राहिलंच कुठे होतं? ट्रस्टने दगडाभोवती चार खांब रोवून दोर लावला. पाटी लावली. जान्हवी येऊन म्हणाली, "मावशी, तेल नका लावू आता. दगडाला डाग पडतात." तिचेही डोळे भरले होते, तिला दोष देऊन उपयोग नाही. पाहुण्यांच्या यादीत आता कबरीचाही नंबर आला. हिंजवडीची माणसं दोराबाहेर उभी राहून फोटो काढायला लागली. माल्याची एकही बाई मागच्या फाटकातून आली नाही. गोजराबाई मंगळवारी संध्याकाळी, पाहुणे गेल्यावर, दोराच्या बाहेर मातीत पणती ठेवायची आणि रिकामे हात पदराला पुसत परत यायची.

हे सगळं तिने सोसलं असतं. गौतमी फोन उचलत नव्हती, ते सोसवेना.

बाळंतपण माहेरी ठरलेलं होतं. डिंक आणून ठेवला होता, मऊ लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती, शेगडीला नवा कोळसा होता. कशालाच हात लागला नाही. तीन आठवड्यांनी किशोरचा फोन आला. "आत्याबाई, पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत." मग आवाज बारीक करून म्हणाला, "ती म्हनती, येऊ नका."

पाचवीला गोजराबाईने घरात पाटा मांडला. कुणाच्या नावाने मांडावा हे कळेना, तरी मांडला. नवव्या दिवशी तिचं ध्यान ठिकाणावर नव्हतं. मागचं लेकरू नवव्या दिवशी गेलं होतं. त्या दिवशी उगवतीच्या झडपा दुपारपर्यंत उघड्याच राहिल्या, मोरेल साहेबाच्या टोपीवर ऊन आलं, आणि जान्हवीने स्वतः येऊन त्या लावल्या. काही झालं तर ते आपल्या डोक्यावर, हे एकच गोजराबाईच्या मनात फिरत होतं. दुसऱ्या दिवशी किशोरचा निरोप आला. बरी हाय. ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि मोठ्याने रडली. संग्रहालय बघायला आलेल्या एका कुटुंबाने तिला पाणी दिलं.

सव्वा महिना झाला तो मंगळवार होता. उन्हं उतरायला लागली होती. गोजराबाई पणती आणि तेलाची बुधली घेऊन मागच्या पायऱ्या उतरत होती, तेव्हा फाटकाशी गाडी थांबली. गौतमी उतरली. छातीशी गाठोडं. मागून किशोर. गोजराबाई तिथेच थांबली, पुढे जायची तिची छाती झाली नाही.

गौतमी नीट जांभळाखाली गेली. दोर तिने एका हाताने उचलला आणि खालून आत गेली. पाटीकडे बघितलं नाही. दगडापुढे दुपटं अंथरलं आणि लेकरू त्यावर निजवलं, रीतीप्रमाणे. हळदकुंकू नव्हतं, ओटी नव्हती. नुसती बसली. मग वर न बघता म्हणाली, "हिच्यावर माजा राग न्हाई. हितं डोकं टेकलं तवा हिला माजं काय मागणं हाय ते तरी कळलं आसंल. तिची आई बी तिला सोडून गेलती. ती बिचारी मेलेली हुती, ती काय सांगनार?"

गोजराबाई दोरापर्यंत आली.

"तू तर जित्ती हुतीस न्हवं," गौतमी म्हणाली.

"तू भेली आसतीस गं."

"भेले आसते तर भेले आसते. माजं मी ठरवलं आसतं, बसायचं का न्हाई."

जिने अख्ख्या गावाचं तोंड बंद केलं, ती आपल्या लेकीपुढे दोर धरून उभी होती. गौतमी उठली. तिने दोरावरून हात पुढे केला.

"त्यो दिवा हिकडं दे."

गोजराबाईने पणती दिली, बुधलीही दिली. गौतमीने तेल घातलं, वात सारखी केली, दगडाला अगदी लागून दिवा लावला. डागाबिगाची तिने फिकीर केली नाही.

"ह्या घराचा शबूद हाय, त्यो मोडायचा न्हाई," ती म्हणाली. "पर फुडं ह्यो मी लावीन. दर मंगळवारी येईन."

दर मंगळवारी. गोजराबाईचा जीव केवढा मोठा झाला. तिने पदराने डोळे पुसले आणि दोन्ही हात पुढे केले, लेकरू घ्यायला.

गौतमीने पोरीला उचललं. दुपट्यातून एक पाऊल बाहेर आलं होतं, बोटाएवढं, तांबूस. तिने ते आत सारलं आणि गाठोडं किशोरच्या हातात दिलं.

"हिच्याकडं येनार हाय मी," ती दगडाकडे बघून म्हणाली. "तुज्याकडं न्हाई."

किशोर घटकाभर थांबला, सासूच्या पुढे केलेल्या हातांकडे बघितलं, आणि बायकोच्या मागे गेला.

याला आता सहा महिने होत आले. गौतमी शब्दाची पक्की आहे, पणजीवर, भागीरथीवर गेली आहे असं आता गावातही म्हणतात. पाऊस असो, गाडीला खाडा असो, मंगळवार चुकत नाही. तिचं बघून माल्याच्या दोन-तीन बायकाही पुन्हा फाटकातून यायला लागल्यात, लांबूनच हात जोडतात. गोजराबाई खाली उतरत नाही. बोलावल्याशिवाय उतरायचं नाही असा तिने कानाला खडा लावलाय, आणि बोलावणं काही आलेलं नाही. पण झडपा लावायचा क्रम तिने तेवढा बदलला आहे. मागच्या चार, ज्या आधी लागायच्या, त्या मंगळवारी नुसत्या ओढलेल्या असतात, कड्या सगळ्यांत शेवटी लागतात. माकडं शिरली तर शिरू देत. त्या झडपांच्या पट्ट्या तिरप्या आहेत, आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही. गोजराबाई त्यांच्या आड उभी राहते. पोरगी आता बसायला लागली आहे, दिव्याकडे हात टाकते, खिदळते, आवाज वर व्हरांड्यापर्यंत येतो. पण ती बसते दगडाकडे तोंड करून, तिची पाठ तेवढी बंगल्याकडे असते.

तिचं तोंड गोजराबाईने अजून पाहिलेलं नाही.